आईसाठी घेतलेलं घर

इंग्लंडच्या वायव्येला लेक डिस्ट्रिक्ट म्हणून डोंगरांचा आणि तळ्यांचा मुलूख आहे. तिथं विंडरमिअर तळ्याच्या पूर्वेला, बोनेस गावाजवळ ‘लिंडेथ हाऊ’ नावाचं हॉटेल आहे. १८७९ साली एका श्रीमंत गिरणीमालकानं उन्हाळ्यात राहायला बांधलेला हा बंगला. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतले असे किती तरी बंगले पुढं पाहुण्यांसाठी उघडले गेले. पण या घराची हकीकत तुम्हांला मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ते एका लेकीनं आईसाठी विकत घेतलं होतं.

ही लेक म्हणजे बीट्रिक्स पॉटर. निळ्या कोटातला पीटर ससा तुमच्या मुलांच्या पुस्तकात पाहिला असेल ना? तो हिचाच. १९०२ साली त्याचं पुस्तक निघालं आणि हातोहात खपलं. पण घरात काय? लंडनच्या बोल्टन गार्डन्समधल्या घरात ती चाळिशीपर्यंत आईवडिलांच्या धाकात! १९०५ मध्ये प्रकाशक नॉर्मन वॉर्ननं मागणी घातली, तेव्हा आईसाहेबांना हे ‘धंदेवाल्याचं’ स्थळ पसंत पडेना. (आईवडिलांच्या घराण्यांचा पैसा मात्र कापसाच्या आणि छापील कापडाच्या धंद्यातलाच बरं का!) बीट्रिक्सनं अंगठी घातली, पण महिनाभरातच नॉर्मन वारला. त्याच वर्षी तिनं तळ्यापलीकडच्या निअर सॉरी गावात ‘हिल टॉप’ हे शेतघर घेतलं. पुढं सत्तेचाळिसाव्या वर्षी, १९१३ मध्ये, तिकडच्याच विल्यम हीलिस या वकिलाशी लग्न ठरवलं, तेव्हाही घरी कुरबुर झालीच. मग धाकट्या भावानं सांगून टाकलं, की मी अकरा वर्षांपूर्वीच गुपचूप लग्न करून मोकळा झालोय!

१९१४ मध्ये वडील गेले. आई पंचाहत्तरीची, स्वभाव करारी, नोकरचाकरांशिवाय पान न हलणारी. तिला लंडनमध्ये एकटी ठेवायची कशी? आणि आपल्या संसारात आणायची, तर शेती, मेंढरं, नवीन नवरा, या सगळ्यांत तिचं कसं निभायचं? १९१५ साली, भर महायुद्धात, बीट्रिक्सनं लिंडेथ हाऊ घेतलं. पॉटर मंडळी पूर्वी सुट्टीत तिथं भाड्यानं राहिलेली होती, त्यामुळं घर आईच्या ओळखीचं. आई तळ्याच्या या काठाला, लेक त्या काठाला, आणि मधे फेरीबोट. मला विचाराल, तर यापेक्षा शहाणं अंतर शोधून सापडायचं नाही. हाकेला ओ देता येते, पण रोजच्या रोज कुणी कुणाच्या स्वयंपाकघरात डोकावत नाही.

१९१८ मध्ये भाऊ गेला आणि आईचं सगळं एकट्या लेकीवर आलं. आईसाहेब त्र्याण्णव वर्षं जगल्या. १९३२ च्या डिसेंबरात, याच घरात असतानाच त्यांचा शेवट झाला. तेव्हा लेक स्वतः सहासष्टची होती.

अशी घरं हॉटेलं का झाली, ते गृहिणीला वेगळं सांगायला नकोच. खोलीखोलीत शेगडी, वर कोळसे न्यायचे, राख खाली आणायची, गरम पाणी जिन्यानं चढवायचं. हे सगळं मोलकरणींच्या जिवावर चालायचं. दोन महायुद्धांनंतर मुली कारखान्यांत आणि कचेऱ्यांत गेल्या, मग एवढा पसारा एका कुटुंबाला झेपेना. झोपायच्या खोल्या मात्र भरपूर. पाहुणे ठेवले, की घराचा खर्च घरच काढतं.

बोल्टन गार्डन्सचं घर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बनं पडलं. तिथं आज प्राथमिक शाळा आहे. हिल टॉप नॅशनल ट्रस्टकडे आहे. बीट्रिक्सची भांडी, खुर्च्या, सगळं जिथल्या तिथं; तिकीट काढून बघायचं आणि बाहेर पडायचं. आईसाहेबांच्या घरात मात्र पैसे मोजून कुणीही रात्रभर झोपावं. त्या हयात असत्या, तर खोलीची किल्ली द्यायच्या आधी पाहुण्याचा धंदा कोणता, ते विचारल्याशिवाय राहिल्या नसत्या!