निवृत्तीचा पैसा मागावा कधी?

निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरले की घरोघरी हिशेब सुरू होतात. फंडाचे इतके, ग्रॅच्युइटीचे इतके, रजेच्या पगाराचे इतके. वहीच्या मागच्या पानावर बेरीज मांडली जाते आणि प्रत्येक रकमेसमोर एक-एक काम लिहिले जाते : मुलीचे लग्न, धाकट्याची फी, गावाकडच्या घराची डागडुजी. या पानावर एक रकाना मात्र बहुधा नसतो. ही रक्कम नेमकी केव्हा मागायची?

निवृत्तीच्या पैशांबाबत हा प्रश्न रकमेइतकाच महत्त्वाचा आहे. तोच पैसा आज मागितला तर त्यावर कर बसतो आणि वर्षभराने मागितला तर पूर्ण करमुक्त ठरतो, असे घडते. काही वेळा उलटेही घडते; थांबणाऱ्याचे नुकसान होते. कायद्यात हे सारे स्पष्ट लिहिलेले आहे. पण कार्यालयातून फॉर्म हाती पडतात ते शेवटच्या महिन्यात, निरोप समारंभाच्या गडबडीत, आणि 'इथे सही करा' म्हटले की मंडळी सही करून मोकळी होतात.

सर्वांत जास्त चूक होते ती रजेच्या पगारात. शिल्लक अर्जित रजा नोकरीत असतानाच विकली, तर मिळालेली रक्कम त्या वर्षीच्या पगारात धरली जाते आणि तिच्यावर पूर्ण कर बसतो. तीच रजा नोकरी सोडताना विकली, तर केंद्र व राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना सारी रक्कम करमुक्त मिळते. खासगी कंपन्या, बँका आणि सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचाऱ्यांना २५ लाख रुपयांपर्यंत सूट आहे. ही मर्यादा वीस वर्षांहून अधिक काळ तीन लाखांवरच अडकून पडली होती. ती २०२३ मध्ये वाढली. तोपर्यंत निवृत्त झालेल्या बँक कर्मचाऱ्यांच्या मनात याची खंत अजून आहे, आणि ती रास्त आहे.

समजा, एका कारखान्यातील सुपरवायझरचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून महिन्याला ७८,००० रुपये आहेत आणि सर्व भत्त्यांसह वर्षाचा पगार १४ लाख होतो. निवृत्तीला एक वर्ष असताना मुलीच्या लग्नासाठी त्यांनी १२० दिवसांची रजा विकली. हाती आले ३,१२,०००. नव्या करप्रणालीत २०२५-२६ च्या दरांनी या रकमेवर उपकरासह सुमारे ५०,६०० रुपये जादा कर पडतो. हीच रजा वर्षभराने, निवृत्तीच्या दिवशी विकली असती तर कर शून्य. शिवाय तोपर्यंत एखादी पगारवाढ झाली असती तर रजेचा दरही वाढला असता. लग्नासाठी त्यांनी फंडातून उचल घेतली असती किंवा वर्षभराचे कर्ज काढले असते, तरी ते स्वस्त पडले असते.

मात्र ज्यांचा एकूण पगार वर्षाला पावणेतेरा लाखांच्या आत आहे आणि जे नव्या करप्रणालीत आहेत, त्यांना २०२५-२६ पासून पगारावर करच लागत नाही. रजेची रक्कम धरूनही ते या मर्यादेच्या आत राहत असतील तर केवळ करासाठी थांबण्याचे त्यांना कारण नाही. काही कंपन्यांत ठराविक दिवसांपलीकडे रजा साठत नाही, ती वाया जाते. तिथे जादा रजा कर भरूनही विकलेलीच बरी. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २५ लाखांची मर्यादा जन्मभराची आहे. आधीची नोकरी सोडताना सूट घेतली असेल तर ती यातून वजा होते. राजीनामा देऊन नोकरी सोडली तरी ही सूट मिळते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. दहा महिन्यांच्या सरासरी पगाराची आणि सेवेच्या प्रत्येक वर्षाला तीस दिवसांची अशा आणखी दोन मर्यादा आहेत. त्यांतली सर्वांत कमी रक्कम करमुक्त ठरते.

ग्रॅच्युइटीत मागण्याची वेळ निवडण्याला फारसा वाव नाही. शेवटच्या पगाराला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. वरच्या उदाहरणात तीस वर्षांच्या सेवेचे १३,५०,००० होतात. खासगी क्षेत्रात २० लाखांपर्यंत सूट आहे, म्हणजे ही रक्कम पूर्ण करमुक्त. अडचण येते ती मोठ्या हुद्द्यावरील लोकांची, ज्यांची कंपनी २० लाखांपेक्षा जास्त ग्रॅच्युइटी देते. वरची रक्कम त्या वर्षाच्या उत्पन्नात मिळवली जाते. असा माणूस ३१ मार्चला नोकरी सोडतो, तेव्हा पूर्ण वर्षाच्या पगारावर ही रक्कम चढते आणि वरच्या दराने कर कापला जातो. स्वेच्छानिवृत्तीत तारीख आपल्या हाती असते. तिथे मार्चऐवजी एप्रिलमध्ये बाहेर पडले, तर नव्या वर्षात पगार जेमतेम महिन्याचा असतो आणि करपात्र भाग खालच्या दरांत बसतो. एका महिन्याने पडणारा हा फरक लाखाच्या घरात जाऊ शकतो.

सरकारी नोकरांपुढे प्रश्न असतो तो पेन्शन विकण्याचा. कागदोपत्री याला अंशराशीकरण म्हणतात, पण बोलताना सगळे 'पेन्शन विकली' असेच म्हणतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला चाळीस टक्क्यांपर्यंत पेन्शन विकता येते आणि आलेली रक्कम पूर्ण करमुक्त असते. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याची मूळ पेन्शन ४०,००० असेल, तर १६,००० विकून त्याला १५,७३,२४८ रुपये मिळतात. मग पंधरा वर्षे दरमहा १६,००० कमी मिळतात. म्हणजे एकूण २८ लाख ८० हजार कापले जातात आणि त्यानंतर पेन्शन पूर्ववत होते. महागाई भत्ता या काळातही मूळ ४०,००० वरच मिळत राहतो.

करमुक्त या शब्दाला भुलून बहुतेकजण डोळे झाकून चाळीस टक्के विकतात. वस्तुतः हे एक कर्जच आहे आणि हिशेब केला तर त्याचा व्याजदर वर्षाला सुमारे नऊ टक्के पडतो. घराचे महागडे कर्ज डोक्यावर असेल किंवा घरात लग्नकार्य असेल, तर ही रक्कम जरूर घ्यावी. पण ती घेऊन बँकेत सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत टाकायची आणि त्या व्याजावर वर कर भरायचा, यात शहाणपण नाही. दुसरी बाजूही आहे. पेन्शनर पंधरा वर्षांच्या आत दगावला तर राहिलेली वसुली पत्नीच्या कुटुंबनिवृत्तिवेतनातून होत नाही. तिला तिचे वेतन पूर्ण मिळते. ज्यांची प्रकृती तोळामासा आहे त्यांनी या बाजूचा विचार आधी करावा. नियत वयोमानानुसार निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. त्यामुळे निवृत्तीच्या दिवशीच ठरवले पाहिजे असे नाही. वर्षभर विचार करायला सवड आहे.

आता फंड. पाच वर्षांहून अधिक सलग सेवा असेल तर प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम करमुक्त आहे. (नोकऱ्या बदलणाऱ्या तरुण मुलांना एवढेच सांगावे की जुना फंड काढू नका, नव्या खात्यात वळवा. मग आधीच्या नोकरीची वर्षेही या पाचांत मोजली जातात.) निवृत्तांच्या बाबतीत खरी गोम वेगळीच आहे. 'फंडात चांगले व्याज मिळते, राहू दे तिथेच' असे म्हणून अनेकजण रक्कम काढत नाहीत. निवृत्तीनंतर तीन वर्षांपर्यंत व्याज मिळते हे खरे, पण नोकरी संपल्यानंतरचे व्याज करपात्र असते. बंगळुरूच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये तसाच निर्णय दिला. २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता. चाळीस लाख तसेच ठेवले तर वर्षाचे व्याज ३,३०,००० होते आणि ते उत्पन्नात दाखवावे लागते. ज्यांचे बाकी उत्पन्न थोडे आहे त्यांना यावर कर लागणारही नाही. अशांनी वर्षभर रक्कम तिथे ठेवायला हरकत नाही. पण ती जाणूनबुजून ठेवलेली असावी, विसरलेली नसावी.

फंड काढला, की तो कुठे ठेवायचा याचीही एक मुदत असते आणि ती हुकली म्हणजे हळहळ होते. पोस्टाच्या व बँकांच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठ वर्षांनंतर कोणीही पैसे ठेवू शकतो. पण पंचावन्न ते साठच्या दरम्यान निवृत्त झालेल्यांनाही तिचे दार उघडे असते. अट एकच, निवृत्तीचा पैसा हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ठेव ठेवली पाहिजे. पूर्वी ही मुदत एकच महिना होती, २०२३ मध्ये ती वाढवली. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाने 'सध्या मुदत ठेवीत टाकू, पुढचे पुढे' म्हणून सहा महिने घालवले, तर साठी गाठेपर्यंत हे दार बंद झालेच समजा. २०२५ मध्ये या योजनेचा दर ८.२ टक्के होता. पंधरा लाखांवर दर तिमाहीस ३०,७५० रुपये मिळतात. घरखर्चाला हा मोठा आधार आहे. कमाल मर्यादा ३० लाखांची आहे. व्याज मात्र करपात्र आहे, हे बँकेतला माणूस सांगेलच असे नाही.

कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मधली पेन्शन हा कारखाने आणि खासगी कार्यालयांतील लोकांचा जिव्हाळ्याचा आणि तितकाच कटू विषय. रक्कम थोडी, तिला महागाई भत्ता नाही आणि कर बसतो तो पगारासारखा. दहा वर्षांच्या सेवेनंतर हक्क मिळतो. पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी. नोकरी सोडलेल्याला पन्नाशीनंतर लवकरही घेता येते, पण अठ्ठावन्नला कमी पडणाऱ्या प्रत्येक वर्षामागे चार टक्के घट होते. उलट साठीपर्यंत थांबले तर प्रत्येक वर्षामागे चार टक्के वाढ मिळते.

वाढ म्हटली की मन थांबायला तयार होते. पण हिशेब करून पाहू. अठ्ठावन्नला ४,००० पेन्शन बसते असे धरू. एक वर्ष थांबले तर ती ४,१६० होते. थांबण्यासाठी सोडले ४८,००० रुपये आणि दरमहा मिळाले १६० जास्त. ही भरपाई व्हायला तीनशे महिने, म्हणजे पंचवीस वर्षे लागतात. तेव्हा वय असेल चौऱ्याऐंशी! दोन वर्षे थांबले तरी गणित जवळपास तेच. वडिलांनी नव्वदी पाहिली असेल अशांनी थांबावे, बाकीच्यांनी अठ्ठावन्नला १०डी फॉर्म भरून टाकावा. नोकरी साठीपर्यंत चालू असली तरी अठ्ठावन्न पूर्ण होताच ही पेन्शन मागता येते. पगार चालू असताना पेन्शन कशी मागायची, या संकोचापायी बरेचजण गप्प राहतात. थांबण्याला एकच पटणारे कारण आहे : पगारामुळे कराचा दर वर असेल, तर ती दोन वर्षे पेन्शनच्या काही भागावर पाणी सोडावे लागते. पण चार हजारांवर पंधरा टक्के कर म्हणजे सहाशे रुपये आणि वर उपकर. उरलेले तेहेतीसशेहून अधिक रुपये महिन्याला सोडून देण्याइतका तो जड नाही.

लवकर घेण्याचा हिशेब इतका सरळ नाही. पंचावन्नाव्या वर्षी घेतली तर ४,००० ऐवजी साडेतीन हजारांच्या आसपास मिळते. आकडे मांडले तर वयाच्या ऐंशीच्या सुमारापर्यंत हा व्यवहार तोट्याचा ठरत नाही. परंतु पेन्शनर गेल्यावर पत्नीला त्याच्या पेन्शनच्या निम्मी मिळते, आणि जी घट पतीने सोसली ती तिच्याही वाट्याला येते. बहुतेक घरांत पत्नी वयाने लहान असते आणि तिला मागे बराच काळ काढायचा असतो. नोकरी गेली आहे, घरात दुसरी मिळकत नाही, अशी वेळ असेल तर जरूर घ्यावी. हातखर्चाची सोय म्हणून मात्र घेऊ नये आणि फॉर्म भरण्याआधी तिला विचारावे.

२०२५ मध्ये संसदेने नवा प्राप्तिकर कायदा संमत केला आणि तो १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, वर सांगितलेल्या सवलती कायम आहेत. तेव्हा शेजारच्या निवृत्त काकांनी जुन्या पुस्तकातले कलम दाखवले तर गोंधळून जाऊ नये.

पतीच्या पश्चात पत्नीला मिळणाऱ्या कुटुंबनिवृत्तिवेतनाला पगाराची वजावट लागू होत नाही, कारण ते तिचे 'इतर उत्पन्न' धरले जाते. त्यातून एक तृतीयांश किंवा ठराविक रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती वजा होते. ही ठराविक रक्कम जुन्या करप्रणालीत १५,००० आहे आणि नव्या प्रणालीत २०२४-२५ पासून २५,०००. विवरणपत्र भरून देणारा कित्येकदा पतीचाच जुना कागद पुढे ठेवून ही रक्कम पगाराच्या रकान्यात लिहितो. सही करण्यापूर्वी तेवढा रकाना तिने स्वतः पाहून घ्यावा.