खेपेचा हिशेब आणि संसाराचा हिशेब

आपल्या देशात मालमोटार चालविण्याचा परवाना वयाच्या २० व्या वर्षापूर्वी मिळत नाही. म्हणजे धंद्याचा आणि संसाराचा आरंभ बहुधा बरोबरच होतो. मजुरी खेपेवर ठरली, की मुलाच्या आजारपणात घरी थांबणाऱ्या चालकाची कमाई बुडते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. परंतु ५ हून कमी कामगार ठेवणारे मालक मुळातच त्याच्या कक्षेबाहेर राहिले. एकदोन गाड्यांच्या मालकाकडील चालक असा उघड्यावर पडला. मागे एकटीने घर सांभाळणाऱ्या पत्नीचे श्रम तर वाहतुकीच्या दरात कोठेच धरले जात नाहीत. स्वस्त भाड्याचे रहस्य हेच आहे. मजुरी खेपेवर नव्हे, तासांवर मिळावी आणि तासांची मर्यादा गाड्यांची संख्या न पाहता पाळली जावी, ही मागणी कामगार चळवळीने हाती घेतलीच पाहिजे.