आपल्या उशाशी असलेला वसंतगड

विद्यार्थी मित्रांनो, सहलीचं नाव निघालं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? प्रतापगड, रायगड, पन्हाळा, नाहीतर वॉटर पार्क! यात वाईट काही नाही. पण उंब्रजहून कराडकडे महामार्गाने जाताना, दहा किलोमीटरच्या आसपास, तळबीड गावामागे एक डोंगर दिसतो. तोच वसंतगड. आपल्यापैकी किती जणांनी तो पायी चढून पाहिलाय? माझ्या मते शाळेची पहिली सहल अशाच जवळच्या गडावर जायला हवी.

का? पहिलं कारण इतिहास. हा गड शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला असे मानले जाते. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी तो स्वराज्यात आणला. पायथ्याचं तळबीड हे सरसेनापती हंबीरराव मोहिते यांचं गाव. महाराणी ताराबाई या त्यांच्याच कन्या. पुढे १६९९ मध्ये औरंगजेबाने गड घेतला आणि त्याचं नाव ठेवलं 'किलीद-इ-फतेह', म्हणजे विजयाची किल्ली. त्यानंतर लगेच त्याने साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याला वेढा घातला. पुस्तकात ही एक ओळ असते. गडावर उभं राहिलं की त्या ओळीचा अर्थ कळतो.

दुसरं कारण भूगोल. कृष्णा आणि कोयना या दोघीही महाबळेश्वरच्या डोंगरातून निघतात, वेगवेगळ्या खोऱ्यांतून धावतात आणि कराडला प्रीतिसंगमावर समोरासमोर येऊन भेटतात. वसंतगड या दोन खोऱ्यांच्या मधल्या डोंगररांगेवर आहे. हवा स्वच्छ असेल तर वरून नद्यांची वळणं, हिरवी उसाची शेतं आणि दूरवर कराड दिसतं. गडावरच्या दोन तळ्यांची नावंही कृष्णा आणि कोयना अशीच आहेत. नकाशावर निळी रेघ ओढणं वेगळं आणि नदी डोळ्यांनी बघणं वेगळं! या जागेवर ज्याचा ताबा, त्याची नजर दोन्ही खोऱ्यांवर, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

काही पालक म्हणतील, "त्यापेक्षा मोठे किल्ले दाखवा." खरं आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड त्यात आहे, याचा अभिमान हवाच. पण यादीतल्या किल्ल्यांकडे जगाचं लक्ष असतं. यादीबाहेरच्या गडाकडे कोण बघणार? तिथल्या तटाचा एक दगड ढासळला तर आधी कुणाला कळणार? पायथ्याच्या आणि आसपासच्या गावांनाच ना! ज्याला गड माहीत आहे, त्यालाच त्याची काळजी वाटते.

दुसरी शंका अशी की, गर्दी वाढली तर कचरा वाढेल. ही भीती खोटी नाही. म्हणून जाण्याआधी वर्गात चार नियम ठरवा. भिंतीवर नाव कोरायचं नाही. प्लॅस्टिक जेवढं वर नेलं तेवढं खाली आणायचं. तळ्यात उतरायचं नाही. शिक्षकांना सोडून तटाच्या कडेला जायचं नाही. भर पावसात वाट निसरडी होते आणि उन्हाळ्यात ऊन तापतं, म्हणून दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस उत्तम. सकाळी लवकर निघा, पाणी आणि भाकरी सोबत घ्या. वर चंद्रसेन महाराजांचं मंदिर आहे. तिथे भाविक येतात, त्यांचा मान ठेवा.

आणि हो, घरी आल्यावर नुसते फोटो दाखवू नका. आजी-आजोबांना गडाबद्दल विचारा, ते सांगतील ते वहीत लिहून ठेवा. लांबचा इतिहास पाठ करावा लागतो, जवळचा पायाखाली येतो. मग सांगा, या थंडीत वसंतगडावर कधी निघताय?