प्रभाग कोणाचा?

2021 साली निवडून आलेल्या गोव्यातील पालिका मंडळांची मुदत पाच वर्षांची. त्यामुळे 2026 हे नव्या कौलाचे वर्ष. या निमित्ताने मागची आठवण करून देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. त्या वर्षी मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे व सांगे येथील प्रभागांचे आरक्षण उच्च न्यायालयाने रद्द ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडा उचलून धरला. पंचवीस प्रभागांच्या मडगावात महिलांच्या एक तृतीयांश जागा म्हणजे किमान नऊ, हे साधे गणित न्यायालयाला शिकवावे लागले! सरकारचा विधी सचिवच निवडणूक आयुक्ताचे काम पाहत होता, हेही सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य मानले.

पक्षचिन्हाविना होणाऱ्या या निवडणुकीत पॅनेलच्या पडद्याआड पक्ष आणि आमदारच उभे असतात, हे शेंबडे पोरही जाणते. म्हणूनच प्रभागांची आखणी व आरक्षण वेळेवर जाहीर व्हावे, आक्षेपांना अवधी मिळावा, असे आम्हांला आग्रहाने सांगावेसे वाटते.

सोनसडोच्या कचऱ्याला पक्ष नसतो. मत मागण्यास दारी येणाऱ्याकडे मतदाराने आधी त्याचा हिशेब मागावा.