कानाचं ऑपरेशन वाया गेलं का?

मैत्रिणींनो, चैत्रातल्या गोरोबाकाकांच्या यात्रेला माझ्या मोठ्या जाऊबाई तेरला आल्या होत्या. त्या ओट्याशी उभ्या असताना कुकरची शिट्टी झाली, पण त्यांना कळलीच नाही. सासूबाई लगेच म्हणाल्या, "एवढा पैसा घालून ऑपरेशन केलं, ते वायाच गेलं की!" जाऊबाईंचा चेहरा उतरला.

ते ऑपरेशन अठरा वर्षांपूर्वीचं, मी या घरात येण्याआधीचं. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. गंमत म्हणजे यात्रेच्या गोंगाटात नीट ऐकू यायचं, घरात मात्र नाही. 'सोयीचं तेवढंच ऐकते' असं सगळे म्हणत. पण ते ओटोस्क्लेरोसिसचंच लक्षण होतं! आमच्या शाळेतल्या तक्त्यावर कानातली तीन हाडं आहेत: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची. ती जागीच जखडली की आवाज आत पोचत नाही. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि पुष्कळदा घराण्यात असतो.

१९५६ साली अमेरिकेत डॉ. जॉन शी यांनी रिकीब काढून तिच्या जागी कृत्रिम तुकडा बसवला. अनुभवी डॉक्टरांच्या हातून दहांपैकी साधारण नऊ जणांना चांगला गुण येतो. शंभरात एखाद्याचा तो कान जातोही, म्हणून एका वेळी एकच कान करतात.

मी जाऊबाईंना धाराशिवला तपासून आणलं. ऑपरेशननंतरचा ऑडिओग्राम त्यांनी ट्रंकेत जपला होता. दोन्ही कागद शेजारी ठेवून डॉक्टर म्हणाले, "तुकडा शाबूत आहे. थकलाय तो आतला कान." तो वयानं सगळ्यांचाच थकतो, या आजारात काहींचा जरा लवकर. त्यावर पुन्हा ऑपरेशन नव्हे, श्रवणयंत्र उपयोगी. तुकडा सरकला असेल तर दुसरं ऑपरेशन करता येतं, पण त्याला पहिल्याइतकं यश नसतं.

तेव्हा एवढं कराच. ऑडिओग्राम रेशनकार्डासारखा जपून ठेवा. डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी चुकवू नका. कानात तेल घालू नका. एकाएकी ऐकू येईनासं झालं किंवा गरगरलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

जाऊबाई आता यंत्र लावतात. परवा सासूबाई माझ्याबद्दल हळूच काही पुटपुटल्या, तेही त्यांनी ऐकलं. आणि मला सांगितलंसुद्धा!