युद्धाचे नाव न काढणारे शहर आणि आमचे ठाणे



"बौद्धांच्या मुलांना 'अवतार' नावाचे कार्टून दाखवता? लाज नाही वाटत?" असा सवाल आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आम्हाला केला. निमित्त असे की टेंभी नाक्याजवळ रविवारी आम्ही शाळकरी मुलांची बैठक घेतो. तिथे 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' या मालिकेच्या दुसऱ्या पर्वावर आम्ही दोन रविवार चर्चा ठेवली. मुले हे पर्व मोबाईलवर आधीच पाहून बसली होती. आम्ही फक्त त्यावर बोलायला लावले.

ज्येष्ठांचा राग आम्ही समजू शकतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा आमच्या बैठकीतल्या सातवीच्या पोरीलाही पाठ आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, हे तिला आम्ही वेगळे शिकवायला नको. पण शब्द पाहून पळ काढणे ही चिकित्सा नव्हे. उलट आमच्यातले काही तरुण दुसऱ्या टोकाला. त्यातला आंग हा डोके भादरलेला, पिवळी वस्त्रे घातलेला, हत्या टाळणारा पोरगा; म्हणून मालिकाच बौद्ध! मग त्याच आंगला मागच्या जन्माच्या खेळण्यांवरून ओळखले जाते, त्याचे काय करायचे? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचलेल्या माणसाला हे पचेल? दोन्ही बाजू वेष्टनावर भांडतात, आतला माल कोणी उघडत नाही.

आतला माल असा. मायकेल डँटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको या दोघांनी ही मालिका निकलोडियनसाठी केली. 2005 ते 2008 या काळात तीन पर्वे आली. दुसरे पर्व 'पृथ्वी', 2006 सालचे, वीस भागांचे. पाणी, पृथ्वी, अग्नी, वायू अशी चार महाभूते हाताळणारे चार समाज आहेत. त्यांची युद्धकला चिनी मार्शल आर्ट्सवर बेतलेली आहे. अग्निराष्ट्राने शंभर वर्षे जगावर युद्ध लादले आहे. हाणामारी भरपूर आहे, पोरे त्यासाठीच बघतात. आम्हाला रस आहे तो पर्वाच्या उत्तरार्धातल्या 'बा सिंग से' या शहरात.

हे पृथ्वी राज्याचे राजधानीचे शहर. बाहेर प्रचंड तट आणि आत तीन वर्तुळे. निर्वासित आणि गरीब खालच्या वर्तुळात, मधले मध्ये, श्रीमंत आणि राजवाडा वरच्या वर्तुळात. 31 जानेवारी 1920 च्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली होती. बैठकीत एका मुलाने तो मनोरा फळ्यावर काढला आणि शेजारी बा सिंग सेची वर्तुळे काढली. आम्ही सांगितले नव्हते.

शहरात शिरण्याचा प्रसंगही बघा. निर्वासितांची बोटीसाठी रांग लागली आहे आणि खिडकीवरची बाई कागदपत्रांवरून माणसे परत पाठवते आहे. तेवढ्यात टॉफ ही आंधळी मुलगी पुढे होते आणि आपल्या घराण्याची मुद्रा दाखवते. बाईचा सूर क्षणात बदलतो, सगळ्यांना तिकिटे मिळतात. टॉफ आपल्या सर्वांची लाडकी, लढवय्यी, घरच्यांनी कोंडून ठेवलेली, घर सोडून आलेली पोरगी. पण रांग तिच्या कर्तृत्वाने नाही, आडनावाने संपली. ज्या जोडप्याचे कागद चोरीला गेले, ते रांगेबाहेर राहिले. आडनाव दाखवून रांग संपते की सुरू होते, हे आम्हाला कोणी सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा. या शहरात युद्धाबद्दल बोलायला बंदी आहे. पाहुण्यांसोबत जू डी नावाची सदा हसणारी बाई फिरते. युद्धाचा विषय काढला की ती हसतच सांगते की इथे तसले काही नाही. एक जू डी चुकली की दुसऱ्या दिवशी त्याच नावाची, त्याच हसण्याची दुसरी येते. मागे दाई ली नावाचे गुप्त पोलीस आणि त्यांचा मुख्य लाँग फेंग. जो जास्त बोलेल त्याला लाओगाई तळ्याखाली नेऊन त्याची स्मृती पुसायची. आंगची टोळी हरवलेल्या अप्पाची पत्रके लावते, तर जू डी येऊन सांगते की पत्रके लावायला मनाई आहे. (टेंभी नाक्यावर एकेका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला किती फलक लागतात ते आम्ही मोजत नाही.)

आमच्या ठाण्यात अशा जू डी पावलोपावली भेटतात. "आता कुठे राहिलीय जात? ती खेड्यात. शहरात कोण विचारतं?" आम्ही स्वतः याच ठाण्यात भाड्याने घर शोधत होतो. दलालाने फोनवर भाडे, डिपॉझिट, चावी केव्हा घ्यायची इथपर्यंत ठरवले. मग गोड आवाजात म्हणाला, "पूर्ण नाव सांगा, करारात टाकायचंय." नाव सांगितले. संध्याकाळी कळले की मालकाचा पुतण्या गावाहून राहायला येतोय. दलाल एकदाही वाईट बोलला नाही. जात हा शब्दसुद्धा त्याने उच्चारला नाही. आणि आम्ही हे चारचौघांत सांगितले तेव्हा ऐकणारे म्हणाले, "तुम्ही लोक सगळीकडे जातच आणता!" भेद करणारा सभ्य, भेदाचे नाव घेणारा जातीयवादी. तळ्याखाली न्यायची गरजच नाही.

पण ही मालिका डोक्यावर घेऊन नाचू नका. तिच्या भिंती वर्गाच्या आहेत, जातीच्या नाहीत. पुरावा चहाचा. निर्वासित म्हणून आलेला म्हातारा आयरो खालच्या वर्तुळात चहाच्या दुकानात काम करतो. त्याचा चहा इतका फक्कड की एक पैसेवाला त्याला वरच्या वर्तुळात स्वतःचे दुकान काढून देतो. चहा पिणारा विचारत नाही की हा कोणाच्या हातचा. दोन कपांची पद्धत ज्या देशात चालली, तिथे ही गोष्ट खरी परीकथा आहे! हुन्नर दाखवा आणि वर चढा, हा मंत्र आमच्या पोरांना रोज ऐकवला जातो. कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब 1917 साली बडोद्यात नोकरीला गेले, तेव्हा राहायला जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमात ओळख लपवून राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेतलेल्या लोकांनी हाकलले. तिथे हुन्नर कमी पडले होते काय?

आणि दुसरी गोष्ट, जी आम्हाला जास्त टोचते. नायकांचा सारा आटापिटा राजाला भेटण्यासाठी चालतो. एकदा राजेसाहेबांना सत्य कळले की झाले! राजाला खरोखरच युद्धाचा पत्ता नसतो. त्याला पुरावे दाखवतात, तो मानतो, लाँग फेंगला अटकही होते. पण दाई ली जशीच्या तशी राहते. अग्निराष्ट्राची राजकन्या अझुला वेष बदलून आत येते, त्याच दाई लीला हाताशी धरते आणि जे शहर शंभर वर्षांत तट फोडून घेता आले नाही ते आतून घेते. मालक बदलला, यंत्रणा तीच.

टेंभी नाक्याच्या माणसाला हे वेगळे समजावायला नको. आनंद आश्रमात गाऱ्हाणी घेऊन आनंद दिघेंकडे लोक येत, आणि त्यांचे काम होई असे आजही सांगतात. 2001 साली दिघे गेले, पण साहेबांच्या कानावर घातले की काम होते ही सवय गेली नाही. ती आमच्या चळवळीतही घुसली आहे. निवेदन द्यायचे, फोटो काढायचा, घरी यायचे. अहो, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली झाला. महाड नगरपालिकेने 1924 साली तसा ठराव केला. राजाला पटले होते! तरी 20 मार्च 1927 पर्यंत चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओठाला लागले नाही. ते लागले हजारो माणसे बाबासाहेबांच्या मागे तळ्याच्या पायऱ्या उतरली तेव्हा.

बैठकीत आठवीतल्या एका पोराने विचारले, "दादा, खालच्या वर्तुळातले लोक कुठं होते? त्यांना कोणी बोलावलंच नाही का?" आम्ही ते भाग पुन्हा पाहिले. खरेच कोणी बोलावले नव्हते. आंगला नाही सुचले, लेखकांनाही नाही.

ज्येष्ठ कार्यकर्त्यांना आम्ही हा प्रश्न सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "त्या पोराला माझ्याकडे पाठव." आम्ही म्हणालो, "तुम्हीच या." येत्या रविवारी ते येणार आहेत. आम्ही महाड घेणार आहोत, आणि मुलांना आधीच सांगितले आहे की पाहुण्यांना आधी 'बा सिंग से'चे भाग दाखवायचे.