वाघ मोजणारे हरकामे

‘भारतात ३,६८२ वाघ!’ २०२२ च्या गणनेचा हा सरासरी अंदाज २०२३ मध्ये सगळ्या पेपरांत झळकला. आपण खूश झालो आणि पान उलटलं. पण मित्रांनो, जंगलातला एकेक वाघ काही कुणी बोट दाखवून मोजत नाही. अंगावरच्या पट्ट्यांवरून कॅमेऱ्यातला वाघ ओळखायचा, तो कुठे कुठे दिसला ते नोंदवायचं आणि न दिसलेल्यांचा अंदाज गणिताने बांधायचा. न्यूझीलंडच्या मरे एफर्ड यांनी २००४ मध्ये या गणितात प्राण्याची ‘जागा’ आणली. पुढे त्यांनी ‘आर’ भाषेत ‘एसईसीआर’ हे पॅकेज लिहिलं.

वापरणारा एकच कमांड देतो. आत मात्र डझनावारी छोटी फंक्शन्स राबत असतात. त्यांना ‘इंटर्नल हेल्पर फंक्शन्स’ म्हणतात. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठी प्रतिशब्द शोधताना घाम फुटतो. पण इथे ‘हरकाम्या’ हा शब्द अगदी फिट बसतो!

एक हरकाम्या कॅमेरा आणि वाघाच्या वावराचा मध्यबिंदू यांतलं अंतर काढतो. दुसरा कॅमेऱ्यांभोवतीची जमीन ठिपक्यांच्या जाळीत मांडतो. हे सर्कल थोडं आखूड धरलं की बाहेरून येणारे वाघही आतलेच ठरतात आणि घनता फुगते. तिसरा एककं सांभाळतो. हे पॅकेज अंतर मीटरमध्ये धरतं आणि घनता दर हेक्टरी देतं. ०.०००५ म्हणजे १०० चौरस किलोमीटरला ५ वाघ. दोन शून्यं इकडची तिकडे झाली तर ५ चे ५०० होतील!

कुणी म्हणेल, पॅकेज तयार आहे, आत कशाला डोकवायचं? पण मीटरच्या जागी अक्षांश-रेखांश दिले तर निघालेल्या अंतराला काही अर्थच उरत नाही. सर्कल आखूड असेल तर पॅकेज वॉर्निंग देतं, पण लाल अक्षरं वाचतो कोण?

आकडा चुकण्याची किंमत आपल्याला माहीत आहे. सरिस्कात पाऊलखुणांवरून केलेल्या गणनेत वाघ होते. २००५ मध्ये कळलं, जंगलात एकही उरलेला नाही. तेव्हा पद्धत वेगळी होती, पण धडा तोच. फुगलेला आकडा सगळ्यांना निर्धास्त करतो, आणि तेवढ्यात वाघ संपतो.

आणि आपल्याकडे? प्रोजेक्टला मार्क्स मिळतात ते चकचकीत स्क्रीनला. आतलं दहा ओळींचं फंक्शन नीट लिहिणाऱ्याला कुणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे, व्हायव्हाला पहिला प्रश्न त्याच दहा ओळींवर हवा. प्रत्येक हेल्पर फंक्शनला उत्तर आधीच माहीत असलेलं एक तरी गणित घालून तपासा. कॉमेंटमध्ये एकक लिहा. वॉर्निंग आली तर थांबा.

यात ग्लॅमर नाही, कबूल. पण पूल नटबोल्टांवरच उभा असतो, हे आपल्या सिव्हिलवाल्यांना विचारा!